भागीदाराने फसवलं तर: आधी हिशेब, मग कोर्ट, मग पोलीस

धंद्यात भागीदाराने पैसे खाल्ल्याचं कळलं की माणूस तडक पोलीस ठाणं गाठतो. तिथे बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: 'हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा.' पोलीस अंग काढून घेतायत असं वाटतं, आणि कधी कधी तसं असतंही. पण या उत्तरामागे सर्वोच्च न्यायालयाचा १९६०च्या दशकातला एक निकाल आहे, तोही महाराष्ट्रातल्याच खटल्यातला. त्याचा सारांश असा: फर्मच्या प्रत्येक वस्तूवर आणि प्रत्येक रुपयावर सगळ्या भागीदारांची सामाईक मालकी असते. हिशेब पूर्ण होईपर्यंत कुणाचा वाटा नेमका किती हे ठरलेलं नसतं. त्यामुळे एका भागीदाराने फर्मचे पैसे स्वतःसाठी वापरले तर तो हिशेब द्यायला बांधील असतो, पण तेवढ्याने विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होत नाही. ती रक्कम किंवा वस्तू खास करारान्वये त्याच्याकडे सोपवली होती, असं दाखवता आलं तरच गोष्ट वेगळी.

म्हणून फसवणूक झाल्यावर सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हिशेब. फिर्याद करायची असो, दावा लावायचा असो की तडजोड, किती पैसे कुठून कुठे गेले हे कागदावर मांडता आलं नाही तर तिन्ही रस्ते अर्ध्यावर अडतात.

पहिला आठवडा: गळती थांबवा

बँकेपासून सुरुवात करा. शाखा व्यवस्थापकाच्या नावाने पत्र लिहा: भागीदारांमध्ये वाद आहे, यापुढे एकट्याच्या सहीवर कोणताही व्यवहार होऊ देऊ नये, सर्व भागीदारांच्या एकत्र सहीनेच व्हावा. नेट बँकिंग आणि चेकबुकचाही उल्लेख करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. असं पत्र मिळाल्यावर बँका बहुधा खात्यावरचे व्यवहारच थांबवतात. इथे घाई अंगाशी येते. कामगारांचे पगार अडकतात, कर्जाचा हप्ता परत जातो, जीएसटी थकतो, आणि मग धंदा तुम्हीच बुडवला असं समोरचा कोर्टात सांगतो. म्हणून त्याच पत्रात लिहा की पगार, वीज, हप्ता आणि कर यांच्या चेकवर सही करायला तुम्ही तयार आहात.

मग गल्ल्यावरचा क्यूआर कोड तपासा. आपल्याच फोनवरून १ रुपया पाठवून बघा, नाव फर्मचं येतं की कुणा एकाचं. रोजची विक्री महिनोन्‌महिने एकाच भागीदाराच्या वैयक्तिक खात्यात जाते आणि दुसऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, असं सर्रास घडतं. स्टिकर एकच असतो, फक्त त्यामागचं खातं बदललेलं असतं. त्याचा फोटो काढा, १ रुपयाच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट ठेवा.

त्यानंतर वह्या. भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १२ नुसार प्रत्येक भागीदाराला फर्मच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांच्या नकला घेण्याचा हक्क आहे, मग तो रोज दुकानात बसत असो वा नसो. कलम ९ तर सांगतं की भागीदारांनी एकमेकांशी प्रामाणिक राहायचं आणि खरा हिशेब व पूर्ण माहिती द्यायची. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घ्या. सगळ्या खात्यांची बँक स्टेटमेंट फर्मच्या सुरुवातीपासूनची मागा. जीएसटी पोर्टलवरून विक्रीची जीएसटीआर-१, कराचा गोषवारा देणारी ३बी आणि पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांवरून तयार होणारी खरेदीची २बी उतरवून घ्या. लॉगिनचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो हेही पाहा, कारण तो दुसऱ्याच्या फोनवर जात असेल तर उद्या पोर्टल तुम्हाला बंद होऊ शकतं.

खरी चोरी याच कागदांमध्ये सापडते. २बी मध्ये खरेदी दिसते पण माल गोदामात आलेला नाही, तर माल वाटेतच दुसरीकडे वळला असू शकतो. उलट वहीत खरेदीचं बिल आहे पण २बी मध्ये नाही, तर बिल खोटं असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. फक्त नोंदणी नसलेल्या आणि कंपोझिशन (ठोक कराच्या) योजनेतल्या दुकानदारांची बिलं तिथे येतच नाहीत, ती आधी बाजूला काढा. मालवाहतुकीच्या ई-वे बिलावर माल पोहोचवायचा पत्ता असतो, तोही वाचा. आपल्याच गिऱ्हाइकाला, आपल्याच पुरवठादाराचा माल, भागीदाराच्या बायकोच्या किंवा भावाच्या नावावरच्या नव्या फर्ममधून जाताना दिसला, तर कलम १६ कामाला येतं. फर्मच्या संबंधांचा वा मालमत्तेचा वापर करून मिळवलेला किंवा फर्मशी स्पर्धा करणाऱ्या धंद्यातून कमावलेला नफा भागीदाराने फर्मला द्यायचा असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुराव्यात चालतं, पण नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे ओळखायचा आकडा) असते आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. म्हणून मूळ हँडसेट विकू नका, रिसेट करू नका.

रागाच्या भरात दुकानाला कुलूप ठोकणं, माल उचलून घरी नेणं, 'माझेच पैसे आहेत' म्हणून खात्यातून मोठी रक्कम काढणं, हे अजिबात करू नका. यातलं एक जरी केलंत, तरी मनाई हुकूम मागायला तुमच्याआधी तो कोर्टात पोहोचेल आणि त्याच्या हाती खरं कारण असेल.

भागीदारीपत्रात काय शोधायचं

मूळ भागीदारीपत्र (डीड) भागीदाराकडेच असेल तर अडून बसू नका. फर्म नोंदणीकृत असल्यास भागीदारी संस्था निबंधकाच्या कार्यालयातून नोंदीची प्रमाणित नक्कल मिळते. ती नक्कल अशीही मागवा, कारण तुम्ही फर्म सोडल्याचं, तुमच्या खोट्या सहीचं निवृत्तीपत्र तिथे आधीच दाखल झालेलं असू शकतं.

डीडमध्ये मुदत आहे का ते पाहा. मुदत किंवा भागीदारी कशी संपवायची याची तरतूद नसेल तर ती इच्छाधीन भागीदारी. ती कोणताही भागीदार भागीदारी अधिनियमाच्या कलम ४३ खाली इतर सर्वांना लेखी नोटीस देऊन संपवू शकतो. नोटिशीत तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून, नाहीतर ती पोहोचल्यापासून फर्म विसर्जित होते. मुदत ठरलेली असेल तर नोटिशीने काम होत नाही. कलम ४४ खाली कोर्टात जावं लागतं. भागीदाराचं गैरवर्तन, कराराचा वारंवार भंग, किंवा एकत्र धंदा करणं अशक्य व्हावं असं वागणं ही कारणं तिथे दाखवता येतात.

दुसरं म्हणजे लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचापुढे सोडवायची अट. ते असेल तर तुम्ही दिवाणी दावा लावला तरी समोरचा पहिल्या टप्प्यातच अर्ज देऊन प्रकरण लवादाकडे पाठवायला लावू शकतो, आणि तुमचे काही महिने जातात. 'पण इथे फसवणूक आहे, लवाद कसा चालेल?' असं अनेकांना वाटतं. भागीदारीच्याच एका वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केलं की भागीदारांमधली हिशेबातली साधी फसवणूक लवादापुढे चालू शकते. फार गंभीर आणि गुंतागुंतीच्या, मुळात करारच खोटा ठरवणाऱ्या आरोपांची गोष्ट वेगळी. लवाद सुरू होण्याआधीही लवाद कायद्याच्या कलम ९ खाली कोर्टाकडून तातडीचा हुकूम मिळतो. मात्र त्यानंतर ९० दिवसांत लवाद सुरू करायचा असतो.

तिसरी गोष्ट नोंदणी. महाराष्ट्रात याबाबत गैरसमज फार आहेत, म्हणून थोडं सविस्तर.

फर्मची नोंदणीच केलेली नाही, मग?

भागीदारी अधिनियमाचं कलम ६९ सांगतं की नोंदणी नसलेल्या फर्मचा भागीदार करारातून आलेल्या हक्कासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावू शकत नाही. म्हणजे फर्म चालू ठेवून 'गेल्या वर्षाचा माझा नफा द्या' असा दावा केला तर तो टिकत नाही. पण त्याच कलमात अपवाद आहे: फर्म विसर्जित करा, विसर्जित फर्मचा हिशेब द्या, तिची मालमत्ता वसूल करून द्या, असा दावा नोंदणी नसतानाही लावता येतो.

महाराष्ट्राने १९८४ साली दुरुस्ती करून हा अपवादही काढून टाकला होता. त्यामुळे नोंदणी नसलेल्या फर्ममधला फसलेला भागीदार पूर्ण कोंडीत सापडायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. 'नोंदणी नाही म्हणजे काहीच होणार नाही' असं आजही कुणी सांगत असेल तर ते मानू नका. दाव्याची मागणी नीट लिहायची, एवढंच. वकिलाने मसुदा दिला की त्यात 'विसर्जन व हिशेब' हे शब्द आहेत का ते स्वतः वाचा. केवळ 'नफ्याचा वाटा' मागितल्यामुळे दावे फेटाळले जातात.

वाद झाल्यावर नोंदणी करून घेऊ, हा विचार मात्र सहसा तडीस जात नाही. अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात आणि समोरचा ती करणार नाही. लवादाला कलम ६९ चा अडसर लागू होत नाही, असंही सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटलंय. त्यामुळे नोंदणी नसेल पण लवादाचं कलम असेल, तर तो रस्ता चांगला.

आणि डीडच नसेल तर? भागीदारी तोंडीही होते. ती सिद्ध करायला गुमास्ता परवान्यावरची नावं, बँक खातं उघडतानाचे कागद, जीएसटी नोंदणी, दर महिन्याला वाटलेल्या नफ्याच्या नोंदी आणि मेसेज पुरे पडू शकतात. नुसते पैसे दिल्याचा पुरावा मात्र पुरत नाही. नफा वाटून घ्यायचं ठरलं होतं हे दिसावं लागतं, नाहीतर ते उसने दिलेले पैसे ठरतात.

दिवाणी दावा कसा चालतो

भागीदारी करारातला वाद हा व्यावसायिक वाद मानला जातो. मागणी ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर तो कमर्शियल कोर्टात जातो. तिथे दावा दाखल करण्याआधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करणं बंधनकारक आहे. ती ३ महिन्यांची, दोघांच्या संमतीने आणखी २ महिने. तातडीचा हुकूम खरोखर हवा असेल तरच ही पायरी सोडता येते. पैसे बाहेर जात असतील, माल विकला जात असेल, तर तातडी दाव्यातच तारखांसह मांडा. नुसतं 'तातडी आहे' लिहून चालत नाही, दावा फेटाळला जाऊ शकतो.

दाव्यासोबत तीन अंतरिम अर्ज विचारात घ्या. एक, फर्मची मालमत्ता विकू नये, खात्यातून पैसे काढू नयेत, म्हणून तात्पुरता मनाई हुकूम. दोन, धंदा आणि वह्या ताब्यात घ्यायला रिसीव्हर, म्हणजे कोर्टाने नेमलेला त्रयस्थ. हा उपाय जबर आहे, कारण दुकान दोघांच्याही हातून जातं आणि रिसीव्हरचा खर्च फर्मवर पडतो. चालता धंदा वाचवायचा असेल तर आधी मनाई हुकूम मागावा. तीन, समोरचा स्वतःची घरं-जमिनी विकून हात वर करतोय असं कागदावर दिसत असेल तर निकालाआधी जप्ती. ती मिळवणं कठीण असतं, कारण कोर्टाला ठोस पुरावा लागतो.

कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देतं: फर्म कधी विसर्जित झाली, कुणाचा वाटा किती. मग बहुधा हिशेबासाठी कमिशनर नेमला जातो आणि त्याच्या अहवालावर अंतिम हुकूमनामा होतो. वेळ याच टप्प्यात जातो, आणि पहिल्या आठवड्यात जमवलेले कागदही इथेच उपयोगी पडतात.

मुदत लक्षात ठेवा. विसर्जित फर्मच्या हिशेबाचा दावा विसर्जनाच्या तारखेपासून ३ वर्षांत लावायचा. रागाने आज विसर्जनाची नोटीस पाठवली की घड्याळ आजपासून चालू होतं. 'बघू, देईन' या आश्वासनांवर ही ३ वर्षं निघून जातात. फसवणूक लपवलेली होती असं दाखवता आलं तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते, पण त्यावर विसंबू नका. समोरच्याने देणं असल्याचं स्वतःच्या सहीने लेखी मान्य केलं असेल तर मुदत नव्याने सुरू होते, अट एकच, ती कबुली आधीची मुदत संपण्यापूर्वीची हवी.

हातात किती येणार

'त्याने ६ लाख खाल्ले, मला ६ लाख पाहिजेत' असं प्रत्येकजण म्हणतो. हिशेब तसा होत नाही. समजा, तुमचं भांडवल १० लाख, त्याचं ५ लाख, नफा निम्मा-निम्मा. शिवाय तुम्ही फर्मला २ लाख उसने दिलेत. सगळं विकून २४ लाख आले आणि बाहेरची देणी ९ लाख आहेत. त्याने उचललेले ६ लाख हे त्याचं फर्मला देणं, म्हणून ते मिळवून ३० लाख धरायचे.

भागीदारी अधिनियमाच्या कलम ४८ चा क्रम असा: आधी बाहेरची देणी ९ लाख, उरले २१. मग तुमचे उसने २ लाख, उरले १९. मग दोघांचं भांडवल १५ लाख, उरले ४. ते निम्मे-निम्मे. तुमच्या वाट्याला २ अधिक १० अधिक २, म्हणजे १४ लाख. त्याच्या वाट्याला ७ लाख, त्यातले ६ त्याने आधीच घेतलेत, म्हणजे हातात १ लाख.

ते ६ लाख हिशेबात आलेच नसते तर १५ लाख भांडवलापुढे १३ लाखच उरले असते, २ लाखांचा तोटा दोघांत वाटला गेला असता आणि तुम्हाला ११ लाख मिळाले असते. म्हणजे ६ लाखांची चोरी सिद्ध केल्याचा तुम्हाला फायदा ३ लाखांचा. वकिलाची फी आणि लागणारी वर्षं या ३ लाखांशी ताडून पाहा, एकूण १४ लाखांशी नाही. तडजोडीचा आकडा ठरवताना हीच आकडेमोड आधी करावी. भागीदाराच्या लबाडीने फर्मचं नुकसान झालं असेल तर कलम १० खाली ते भरून देण्याची जबाबदारीही त्याची, आणि करारात काहीही लिहिलं तरी ती टळत नाही.

पोलिसांकडे कधी जायचं

काही प्रकरणं खरोखर फौजदारी असतात, तिथे थांबू नका. खोटी सही, खोटं निवृत्तीपत्र, बनावट बिलं, हिशेबाच्या वह्यांत फेरफार, किंवा सुरुवातीलाच खोटे कागद दाखवून तुमच्याकडून भांडवल काढलं असेल, उदाहरणार्थ नसलेला परवाना, दुसऱ्याच्याच नावावरची जागा, बनावट ऑर्डर. फसवणुकीच्या गुन्ह्यात हेतू पहिल्या दिवसापासून खोटा असावा लागतो. धंदा चांगला चालू होता आणि दोन वर्षांनी नियत फिरली, तर फसवणुकीचं कलम टिकवणं अवघड जातं.

१ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागते: फसवणुकीला कलम ३१८(४), ७ वर्षांपर्यंत शिक्षा, विश्वासघाताला कलम ३१६(२), ५ वर्षांपर्यंत. त्याआधीच्या कृत्यांना जुनी दंड संहिताच, म्हणजे ओळखीची ४२० आणि ४०६. फिर्यादीत दोन्ही कलमं एकाच रकमेसाठी लावायची सवय आहे. पण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एकाच घटनेला ही दोन्ही एकत्र लागू होत नाहीत: फसवणुकीत पैसा घेतानाच हेतू खोटा असतो, विश्वासघातात पैसा रीतसर मिळतो आणि नंतर हडपला जातो. म्हणून तक्रारीत कोणती रक्कम कोणत्या तारखेला काय खोटं सांगून घेतली, हे एकेका ओळीत लिहा. 'विश्वासाने भागीदारी केली आणि घात केला' एवढीच तक्रार उच्च न्यायालयात रद्द व्हायचा धोका मोठा.

ठाण्यात एफआयआर घेतली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी तक्रार पाठवा. तिथेही दखल घेतली गेली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मोठ्या रकमांचा तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. फिर्याद आणि दिवाणी दावा एकाच वेळी चालू शकतात, पण एफआयआर झाली म्हणून दाव्याची ३ वर्षांची मुदत थांबत नाही.

भागीदाराने देणं मान्य करून चेक दिला आणि तो वटला नाही, तर काम सोपं होतं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि त्यानंतर १ महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली तक्रार. यातली एक तारीख चुकली तरी प्रकरण अडचणीत येतं.

बाहेर पडताना मागे राहणारी देणी

फर्मच्या देण्यांसाठी प्रत्येक भागीदार एकत्र आणि स्वतंत्रपणे जबाबदार असतो. पुरवठादार सगळी रक्कम एकट्या तुमच्याकडूनही वसूल करू शकतो. फर्म विसर्जित झाली किंवा तुम्ही निवृत्त झालात तरी जाहीर सूचना देईपर्यंत दुसऱ्या भागीदाराच्या नव्या व्यवहारांची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नोंदणीकृत फर्मसाठी ही सूचना निबंधकाकडे, राजपत्रात आणि त्या जिल्ह्यातल्या एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यायची असते. नेहमीच्या पुरवठादारांना वेगळं पत्रही पाठवा. जीएसटी कायद्याचं कलम ९० आणखी कडक आहे: निवृत्तीची लेखी माहिती १ महिन्यात जीएसटी आयुक्तांना दिली नाही, तर ती पोहोचेपर्यंतच्या कराची जबाबदारी तुमचीच.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती बँकेची हमी. धंद्यासाठी बँकेचं कॅश क्रेडिट कर्ज घेताना तुम्ही वैयक्तिक हमीपत्रावर सही केलेली असते, कदाचित घराचे कागदही दिलेले असतात. भागीदारीतून बाहेर पडल्याने ती हमी संपत नाही. पुढच्या व्यवहारांपुरती ती मागे घेत असल्याचं बँकेला लेखी कळवा. तडजोडीच्या कागदात 'सर्व देणी दुसरा भागीदार फेडेल' असं लिहिलं तरी बँकेला ते बांधत नाही. म्हणून तडजोडनाम्यावर सही करायच्या आधी बँकेचं हमीमुक्तीचं पत्र हातात घ्या, आणि घराचे मूळ कागद तिथे असतील तर ते परत मिळाल्यावरच शेवटची सही करा.